रंग कोणाच्या हातचा

खेळण्यातला सैनिक कोणत्या पलटणीचा, हे खोक्यावर लिहिलेलं असायचं. कोणत्या कारखान्यात ओतला, तेही असायचं. त्याला रंग कोणी दिला, हे मात्र कुठेच नसायचं. बोर्ड गेममधल्या छोट्या आकृत्या रंगवण्याच्या छंदाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा सगळ्यात आधी हेच माझ्या लक्षात आलं, आणि ते डोक्यातून जात नाही. कारण मी पेणची. आमच्या घरी गणपतींचा कारखाना होता. पावतीवर कारखान्याचं नाव असायचं. अंगाचा रंग मारणारी, सोवळं-शेला रंगवणारी, मुकुटाला सोनेरी लावणारी माणसं आसपासच्या गावांतून यायची, त्यांत बायका बऱ्याच. त्यांची नावं फक्त हजेरीच्या वहीत. लग्नाआधी मीही त्यांच्यात बसून काम केलं. आता पुण्यात रात्रीची जेवणं उरकली की टेबलावर दिवा ओढून घेते आणि अंगठ्याच्या पेराएवढे योद्धे नि भुतं रंगवते. तिथे रंगवण्याची मजुरी मिळायची, इथे रंगवायला मिळावं म्हणून मी पैसे मोजते. ब्रश तोच. मधे काय घडलं, ते सांगायचं आहे.

सुरुवात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गपासून करावी लागते. तिथे कथलाचं काम जुनं. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट या कारागिराने चपटे सैनिक ओतले. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याची त्याने केलेली आकृती 1777 ची आहे. पाटीच्या दगडात, म्हणजे स्लेटमध्ये, दोन बाजूंचे दोन साचे उलटे कोरायचे, ते एकावर एक धरून मधे कथील-शिशाचा रस ओतायचा. आकृती पत्र्यासारखी पातळ, पण त्या पातळ अंगावर कोटाची बटणं, घोड्याचा लगाम, सगळं कोरलेलं. 1839 मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सेनने याच शहरात कारखाना काढला. त्याने धरलेली साधारण तीन सेंटिमीटरची उंची पुढे इतरांनीही उचलली. हे सैनिक पातळ लाकडी डब्यांत भरून वजनावर विकले जात.

वजनावर विकायच्या मालाला रंग द्यायची मजुरी किती असणार? हे काम शहरातल्या आणि आजूबाजूच्या गरीब घरांत जायचं. बायका आणि मुलं ते करायची. एकाने सगळ्या कोटांना निळा लावायचा, दुसऱ्याने चेहरे, तिसऱ्याने बंदुका. पेणला आम्हीही असेच रांगेत बसायचो. एक रंग हातात घेतला की पन्नास मूर्तींना तो लावूनच ब्रश धुवायचा. आजचे छंदवाले पलटणी रंगवताना हीच पद्धत वापरतात आणि तिला असेंब्ली लाइन म्हणतात. हॅन्स अँडरसनची 1838 ची एका पायाच्या शूर शिपायाची गोष्ट अनेकांनी लहानपणी वाचली असेल. तो आणि त्याचे चोवीस भाऊ एका जुन्या कथलाच्या चमच्यापासून झाले, शेवटच्याला धातू पुरला नाही म्हणून पाय एकच. चमच्याची आठवण गोष्टीत ठेवली आहे, त्यांचे गणवेश लाल-निळे होते हेही सांगितलं आहे. तो लाल नि तो निळा लावणारं माणूस गोष्टीत नाही.

लंडनला विल्यम ब्रिटनच्या कुटुंबाने 1893 मध्ये हा धंदा बदलून टाकला. त्यांनी शिशाचा रस साच्यात ओतून लगेच उरलेला बाहेर काढण्याची युक्ती बसवली. साच्याला चिकटलेला थर तेवढा घट्ट व्हायचा, आत पोकळी राहायची. सैनिक भरीव दिसायचा, पण शिसं कमी लागायचं, म्हणून स्वस्त पडायचा. उंची 54 मिलिमीटर. जर्मन माल मागे पडला. उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी राइजच्या त्यांच्या कारखान्यात रंगकामाला मुख्यतः बायका होत्या, आणि बरंच काम घरोघरी दिलं जायचं. साम्राज्यातल्या जवळपास प्रत्येक फौजेचा संच त्यांनी काढला. त्यांत बॉम्बे लान्सर्स होते, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही होती. या पलटणींमध्ये आपल्याकडची माणसं भरती व्हायची. त्यांच्या सावळ्या चेहऱ्यांचा रंग लंडनमधली एखादी बाई ठरलेल्या नमुन्याकडे बघून लावत होती. तिने मराठी शिपाई उभ्या जन्मात पाहिला नसावा. मला त्या संचाचे फोटो बघताना शिपायांपेक्षा तिचाच विचार जास्त येतो.

लेखक एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून या सैनिकांच्या खेळाला नियम दिले. चाली किती, वेळ किती, तोफ कधी डागायची, सगळं त्यात आहे. तोफ खरोखर डागता येणारी, म्हणजे स्प्रिंगवर लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली. जमिनीवर पालथे पडून मोठी माणसं खेळत. त्याच्या आधी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला क्षयावर उपचार घेत असताना सावत्र मुलाबरोबर शिशाच्या सैनिकांची युद्धं खेळला होता. पण या पिढीपर्यंत सैनिक दुकानातून यायचा तो रंगवूनच. रंग हा विकणाऱ्याच्या बाजूचा खर्च होता.

तो खर्च गिऱ्हाइकाच्या बाजूला सरकला दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण तेच आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये काही प्रौढ माणसं इतिहासातल्या लढाया टेबलावर मांडू लागली होती. त्यांना वॉटर्लूची फौज हवी होती, ग्रीक फौज हवी होती, आणि शेकड्यांनी हवी होती. एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी मोठे कारखाने साचे कशाला करतील? मग यांच्यातलेच काही स्वतः ओतू लागले. कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलियाचा जॅक स्क्रूबी हा त्यांतला मोठा माणूस. रबराचे साचे करून तो घरगुती प्रमाणावर सैनिक ओतायचा आणि टपालाने विकायचा. 1957 मध्ये त्याने ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिकही सुरू केलं. रबराचा साचा स्वस्त, त्यातून एकामागून एक आकृती निघते. रंगवायला मात्र प्रत्येकीला हात लागतो, वेळ लागतो, आणि वेळेची मजुरी धातूपेक्षा महाग. म्हणून माल नुसता, चकचकीत धातूचाच विकायचा. ज्याला रंग हवा त्याने घरी द्यावा.

इंग्लंडमध्ये डोनल्ड फेदरस्टोनच्या 1962 च्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने हे खेळणाऱ्यांना एकत्र आणलं. फेदरस्टोन साउदॅम्प्टनला फिजिओथेरपिस्ट होता. 1959 पासून एअरफिक्स कंपनीचे मऊ प्लॅस्टिकचे छोटे सैनिकही मिळू लागले. डबीभर सैनिक पोरांच्या खाऊच्या पैशांत यायचे. त्यांच्यावर रंग टिकायचा नाही, वाकवलं की पापुद्रे निघायचे, तरी लोक चिकाटीने रंगवत राहिले. विल्यम ब्रिटनच्या कंपनीने 1966 मध्ये पोकळ शिशाचे सैनिक करणं थांबवलं. म्हणजे रोजंदारीवर शिशाचे सैनिक रंगवणाऱ्या बायकांचं काम जिथे संपलं, तिथेच जवळपास हौशींचं सुरू झालं.

पुढे 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि सैनिकांच्या जोडीला राक्षस, बुटके, जादूगार आले. गायगॅक्सला राक्षसांच्या आकृत्या मिळेनात, तेव्हा त्याने स्वस्त दुकानातली हाँगकाँगच्या प्लॅस्टिक जनावरांची पुडी आणली. पुडीवर प्रागैतिहासिक प्राणी असं लिहिलेलं, पण आतले प्राणी कुठल्याच काळातले नव्हते. त्यांतूनच या खेळातले रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर हे प्रसिद्ध प्राणी जन्मले. ज्या अनाम कामगाराने तो साचा घडवला, त्याची कल्पना जगभरच्या टेबलांवर गेली.

छंदाला आजचं रूप दिलं ते नॉटिंगहॅमच्या परिसराने. लंडनमध्ये 1975 साली तीन मित्रांनी सुरू केलेल्या गेम्स वर्कशॉपने 1979 मध्ये ब्रायन अॅन्सेलच्या साथीने सिटाडेल मिनिएचर्स ही ओतकामाची कंपनी काढली. 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ या खेळाचे नियम आले. आकृत्या जास्त विकल्या जाव्यात हाच त्यामागचा हेतू होता, पण परिणाम त्याच्या पलीकडे गेला. ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकात रंगवलेल्या आकृत्यांचे रंगीत फोटो येऊ लागले, कंपनी स्वतःचे रंग विकू लागली, आणि 1987 पासून ‘गोल्डन डीमन’ ही रंगवण्याचीच स्पर्धा सुरू झाली. तिच्यात सर्वोत्तम ठरणाऱ्याला खरीखुरी तलवार मिळते. इथे रंगवणाऱ्याचं नाव छापून आलं. न्यूरेंबर्गच्या डब्यापासून इथपर्यंत यायला दोनशे वर्षं लागली.

हे काम जवळून कसं दिसतं ते सांगते. आकृतीची उंची 28 मिलिमीटर, चेहरा साबुदाण्याएवढा. आधी प्रायमर, म्हणजे अस्तराचा हात. मग मूळ रंग, पाण्याने पातळ केलेला, दोन हात. त्यावर वॉश, म्हणजे गडद रंगाचं पाणी. ते आपोआप खळग्यांत उतरतं आणि चुण्या उठून दिसतात. नंतर ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिकट रंग फिरवायचा, तो ड्रायब्रश. सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच द्यायचे, कारण एवढ्या लहान वस्तूवर खोलीतल्या दिव्याची सावली पुरेशी पडत नाही. बरेचजण ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरतात. मी धरत नाही आणि कोणी धरू नये.

डोळ्यांच्या बाबतीत तर दोन्ही जगांची रीत उलटी आहे. पेणला आखणी सगळ्यात शेवटी. मूर्ती पूर्ण झाली, दागिने झाले, की कारखान्यातला सगळ्यात मुरलेला हात डोळे लिहायला बसायचा आणि आम्ही बाकीचे आवाज कमी करायचो. चुकलं तर चेहरा पुन्हा रंगवावा लागायचा. मिनिएचरमध्ये अनेकजण डोळे सगळ्यात आधी करतात. पांढरी रेघ ओढायची, मधे काळा ठिपका, आणि मग भोवतीने कातडीचा रंग आत आत आणत डोळा बारीक करायचा. चूक झाली तर कातडीच्या रंगाखाली जाते. ठिपका देताना श्वास रोखायचा, करंगळी टेबलाला टेकवायची, आणि ब्रश हलवण्याऐवजी आकृतीच पुढे आणायची. हे मला कोणी शिकवलं नाही, कारखान्यातूनच हातात आलं होतं. फक्त तिथे मूर्ती जागची हलत नसे, हात हलायचा.

बोर्ड गेमच्या खोक्यांत या आकृत्या मोठ्या प्रमाणावर आल्या त्या 1989 च्या ‘हीरोक्वेस्ट’पासून. मिल्टन ब्रॅडली ही खेळण्यांची बडी कंपनी आणि गेम्स वर्कशॉप यांनी मिळून तो काढला. प्लॅस्टिकचे न रंगवलेले ऑर्क नावाचे राक्षस आणि सांगाडे साध्या खेळण्यांच्या दुकानात पोचले. 2012 मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून ‘झोंबिसाइड’ निघाला आणि तशा खेळांची रांग लागली. माझ्या घरीही तोच आला, मुलाने आणला. खोकं उघडल्यावर एकाच रंगातली ती गर्दी बघून माझा हात शिवशिवला.

कंपन्यांनी मधल्या काळात रंग पुन्हा आपल्याकडे घेऊन पाहिला. 2000 मध्ये ‘मेज नाइट’ हा खेळ आला, त्यातल्या आकृत्या रंगवूनच मिळायच्या. रंगकाम चीनमधल्या कारखान्यांत. 2003 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याही तशा आकृत्या आल्या. फ्रान्सची राखाम ही कंपनी धातूच्या फार देखण्या आकृत्यांसाठी ओळखली जायची. तीही रंगवलेल्या प्लॅस्टिककडे वळली आणि 2010 मध्ये बंद पडली. रंगवलेला माल सगळीकडे पडला असं नाही. 2012 चा ‘एक्स-विंग’ हा अंतराळयानांचा खेळ रंगवूनच यायचा आणि चांगला खपला. पण रंगवून मिळणाऱ्या माणसांच्या आकृत्यांचे चेहरे जवळून बघा. ठिपका भुवईवर गेलेला, ओठ हनुवटीवर. ते हात कौशल्यात कमी नव्हते. दिवसाला किती आकृत्या हातावेगळ्या करायच्या याचं गणित तिथे काम करणाऱ्याने ठरवलेलं नसतं. पेणच्या कारखान्यात उत्सव जवळ आला आणि ऑर्डर वाढली की आमच्याही मूर्तींचे काठ हलायचे.

आता तिसराच प्रकार वाढला आहे. ज्यांना खेळायला रंगीत फौज हवी पण वेळ नाही, असे युरोप-अमेरिकेतले लोक आकृत्या रंगवायला बाहेर देतात. श्रीलंकेत अशा कामाचे स्टुडिओ बऱ्याच वर्षांपासून आहेत. गिऱ्हाईक आकृत्या टपालाने पाठवतं, रंगवून परत मागवतं. दर ठरतो दर्ज्यावर: खेळण्यापुरता साधा हात हवा, की कपाटात मांडण्याजोगं बारीक काम हवं. तिथले नमुन्याचे फोटो मी मोठे करून पाहिले आहेत. नेपोलियनच्या घोडदळाच्या छातीवरच्या दोऱ्या एकेक सुटी रंगवलेली, आणि प्रत्येक दोरीला उजेडाची रेघ वेगळी. असा हात वर्षानुवर्षं बसल्याशिवाय येत नाही, हे मी पेणच्या अनुभवावरून सांगते. त्या दरपत्रकांत आकृतीचा आकार असतो, घोडा आहे की पायदळ हे असतं, दर्जा असतो, दर असतो. रंगवणाऱ्याच्या नावाचा एक रकाना त्यात वाढवावा. आणि पेणच्या पावत्यांवर, मूर्ती कोणी आखली, त्याचाही.