लोहाराची गाडी



भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा. मृग लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात पवनी, लाखांदूर किंवा साकोलीकडील एखाद्या गावी गेल्यास एक देखावा सहज दृष्टीस पडतो. घरापुढील अंगणात ट्रॅक्टरची केजव्हील, म्हणजे चिखलणीच्या वेळी लावावयाची लोखंडी जाळीदार चाके, पडलेली असतात; गेल्या हंगामात बांधावर आदळून ती जागोजाग तुटलेली असतात. शेजारी एक पिकअप गाडी उभी असते, तिच्या हौद्यातून दोन जाड केबली खाली उतरलेल्या असतात, आणि डोळ्यांपुढे काळी काच धरून एक तरुण तुटलेले सांधे जोडीत बसलेला असतो. एरवी हाच तरुण स्वतःचे दोन-चार एकर धान करतो व याच गाडीतून पोती वाहतो. वेल्डिंग हा त्याचा जोडधंदा. शहरी माणसास हे सारे अगदी यंत्रयुगातले वाटेल. वस्तुतः भट्टी गाडीत घालून गिऱ्हाइकाच्या दारी जाणारा लोहार आपल्याकडे फार जुना आहे. नवा आहे तो त्याचा गावाशी असलेला संबंध, आणि आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

पूर्वी शेतकऱ्याला दोन तऱ्हांचे लोहार ठाऊक होते. पहिला गावचा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला; त्यात वर्धा जिल्ह्यातील गावलोहाराचे वेतन नोंदलेले आहे. चार बैलांच्या नांगरामागे, म्हणजे ४० एकर जमिनीमागे, वर्षाला ५० पौंड धान्य. आजच्या मापाने हे तेवीस किलोही भरत नाही. नवे अवजार घडवावयाचे असल्यास लोखंड आणि कोळसा शेतकऱ्यानेच पुरवावयाचा. ही व्यवस्था रम्य होती असे कोणी समजू नये. वेतन पिढ्यान् पिढ्या ठरलेले. ते वाढवून मागण्याची सोय नाही, आणि जातीने वाट्याला आलेले काम सोडण्याची तर त्याहूनही नाही. मात्र या लोहाराला गावात घर होते, आणि फाळ बोथट झाला की शेतकरी तो खांद्यावर टाकून त्याच्या भात्यापाशी येत असे.

दुसरा लोहार याच्या उलट. घिसाडी, गाडी लोहार, चितोडी लोहार अशा नावांनी तो ओळखला जातो. १५६८ साली अकबराने चितोड घेतला तेव्हा आपल्या पूर्वजांनी गड परत मिळेपर्यंत घर न बांधण्याची शपथ घेतली, असे राजस्थानातील गाडिया लोहार सांगतात. ही परंपरागत कथा आहे आणि ती तशीच घ्यावी. परंतु तिचे वजन एवढे होते की १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक प्रवेश करविण्यात आला. आपल्याकडच्या या फिरत्या लोहाराची बैलगाडी हेच त्याचे घर आणि तीच त्याची कर्मशाळा. ऐरण, घण, सांडशी, कातड्याचा भाता, अंथरूण आणि कोंबड्या, सारे एकाच गाडीत. गावाबाहेर झाडाखाली गाडी सोडावयाची, जमिनीत खळगा करून भट्टी पेटवावयाची; पुरुषाने तापलेले लोखंड सांडशीत धरावयाचे आणि बाईने घण घालावयाचा. गावलोहाराची स्त्री घण घालताना क्वचितच दिसे, इकडे मात्र तो रोजचाच परिपाठ. विळे, कुऱ्हाडी, सांडश्या घडून झाल्या की रोख पैसे किंवा धान्य घेऊन गाडी पुढच्या गावी. वर्षासनाची आशा नाही, तसा गावाचा आधारही नाही. एखाद्या घरून काही नाहीसे झाले की पहिला संशय गावाबाहेरच्या त्या गाडीवर!

या दोघांचाही पाया यंत्राने ढासळविला. नागपूरहून निघालेली छत्तीसगडची आगगाडी १८८२ साली राजनांदगावास पोहोचली आणि तयार लोखंड व तयार अवजारे बाजारात सुलभ झाली. तरी जोवर नांगर बैलाचा होता तोवर फाळ भट्टीत घालता येत होता. ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आले, आणि खरी अडचण उभी राहिली. भट्टीत जोड मारावयाचा तर सबंध तुकडा लाल करून घणाखाली घ्यावा लागतो. ट्रॅक्टरचा सांगाडा भट्टीत कसा घालणार?

यावर उपाय सापडला तो फार दूर. १८८० नंतरच्या दशकात रशियातील बेनार्डोस याने कार्बनच्या कांडीने विजेची ज्योत पाडून धातू जोडून दाखविला. पाठोपाठ स्लाव्यानोव्ह याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे कांडी वितळून तीच सांध्यात भरू लागली. स्वीडनच्या केलबर्गने त्या कांडीवर लेप चढविला. लेप जळताना त्याचा धूर वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवितो आणि जोड ठिसूळ होत नाही. त्याने १९०४ मध्ये स्थापिलेल्या इसाब कंपनीचे नाव आज आपल्याकडील दुकानांतही रॉडच्या पुड्यावर दिसते. उष्णता आता हवी तेवढ्याच जागी देता येऊ लागली, आणि वस्तू भट्टीपाशी नेण्याऐवजी भट्टीच वस्तूपाशी नेणे शक्य झाले.

आता त्या पिकअप गाडीकडे वळू. तिच्या मांडणीत जुन्या गाडीवानाचे शहाणपण जसेच्या तसे उतरले आहे. बैलगाडीत ऐरण आसावर येईल अशी ठेवीत, नाहीतर जू बैलाच्या मानेवर चढते किंवा उलाळते. येथेही जनरेटर हौद्यात खाली, मागच्या आसाच्या किंचित पुढे बसवावयाचा आणि धुराचे तोंड बाहेर काढावयाचे. सव्वातीन मिलिमीटरच्या जवळचा, नेहमीचा रॉड चालविण्यास सुमारे ११० अँपिअर लागतात. त्यासाठी हल्लीचे आठ-दहा किलोंचे इन्व्हर्टर यंत्र पुरते, पण त्याला वीज देणारा जनरेटर पाच केव्हीएच्या खालचा घेऊ नये, तो गुदमरतो. ऑक्सिजनची भरलेली टाकी साठ किलोंच्या घरात जाते. ती उभी, साखळीने बांधलेली, आणि गॅसच्या टाकीचे टोपण प्रवासात चढविलेलेच असावे. ॲसिटिलीन तर आडवे वाहूच नये, कारण ते टाकीत ॲसिटोनमध्ये विरघळविलेले असते आणि आडव्या टाकीतून ॲसिटोनच बाहेर येऊ लागते. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. दूर लावल्यास वीज बेअरिंगमधून वाट काढते आणि आतील गोळ्यांना खड्डे पाडते. बॅटरीची तार आधी सोडावी. डिझेलच्या रिकाम्या टाकीस तर हात लावू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी अधिक घातक, कारण आत वाफ कोंडलेली असते.

आणखी एक गोष्ट कारागिरांकडून कळते, ती मला विशेष वाटते. हे सारे सामान वेल्ड करून गाडीला कायमचे जोडावयाचे नाही, नटबोल्टांनी बसवावयाचे. एक तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. आणि दुसरे, धान निघाले की तीच गाडी रिकामी करून तिच्यात पोती घालावयाची असतात. जोडणे हाच ज्याचा धंदा, त्याने आपलीच गाडी सुटी ठेवावी, हा विनोद त्या धंद्यातच आहे.

या तरुणाचे भटकेपण घिसाड्याचे आहे, आणि घर गावलोहाराचे. जातीने तो लोहार असेलच असेही नाही. आयटीआयमध्ये किंवा एखाद्या कारखान्यात तो हे काम शिकलेला असतो. गावाने त्याला वर्षासन दिलेले नाही. पण गाडीचा नंबर आणि मोबाइल क्रमांक गावाला ठाऊक असल्याने त्याच्यावर संशयही नाही. गाडी लोहाराच्या वस्त्या मात्र अजूनही गावकुसाबाहेर दिसतात, आणि त्यांच्या मुलांपैकी पिकअप घेण्याइतके भांडवल फार थोड्यांच्या हाती येते. ज्यांनी चाकांवरची भट्टी शतकानुशतके वाहिली, त्यांनाच तिच्या नव्या रूपात वाटा कमी मिळाला, ही या इतिहासातील बोचणारी गोष्ट आहे.

वेतनाचे म्हणाल, तर हिशेब आता रॉडच्या संख्येवर किंवा जोडाच्या लांबीवर होतो. पण मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हाती रोकड थोडी असते. मग वही निघते, नाव आणि आकडा लिहिला जातो, आणि ती उधारी दिवाळीनंतर, धान विकल्यावर फिटते.