आज्ञावली-संपादक
आज्ञावली-संपादक : संगणकाच्या आज्ञावलीची संहिता लिहिण्याचे व तीत दुरुस्त्या करण्याचे साधन. ते स्वतःही एक आज्ञावलीच असते. आज्ञावलीकाराचा बराच वेळ जुनी संहिता बदलण्यात जात असल्याने संपादकाची निवड व त्याची सोयीनुसार जुळणी हा या व्यवसायात जिव्हाळ्याचा, क्वचित हमरीतुमरीचाही, विषय ठरला आहे.

केन टॉम्पसन यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेला ‘एड’ हा संपादक दूरमुद्रकासाठी होता. त्यात संहिता सतत समोर दिसत नसे. हव्या त्या ओळी मागवून छापून घ्याव्या लागत. लंडनच्या क्वीन मेरी महाविद्यालयातील जॉर्ज कूलूरिस यांनी त्यात सुधारणा करून ‘ईएम’ रचला. तो पाहून बर्कली येथे बिल जॉय व चक हेली यांनी १९७६ च्या सुमारास ‘ईएक्स’चे काम हाती घेतले. त्याचेच पडदाभर संहिता दाखविणारे रूप म्हणजे ‘व्हीआय’.

जॉय यांच्या दूरध्वनी-जोडणीचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सु. ३० अक्षरे होता. २४ ओळी व ८० स्तंभांचा पडदा भरण्यास त्या वेगाने मिनिटाहून अधिक काळ लागे. म्हणून आज्ञा एकदोन अक्षरांच्या ठेवल्या गेल्या. त्यांच्या ‘एडीएम-३ए’ टर्मिनलवर बाणांच्या खुणा एच, जे, के व एल या कळांवर छापलेल्या होत्या. ती टर्मिनले गेली, तरी त्या कळा टिकल्या. लेखनाची व आज्ञेची अवस्था वेगवेगळी असल्याने नवखा माणूस गोंधळतो, ही तक्रार मात्र निराधार नाही.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अडचण उलटी होती. तेथे ‘टीको’ या संपादकाची जुळणी प्रत्येकाने इतकी आपापल्या परीने केली होती, की एकाला दुसऱ्याचा संपादक चालविता येईना. गाय स्टील यांनी या जुळण्यांचे एकत्रीकरण आरंभिले व रिचर्ड स्टॉलमन यांनी ते तडीस नेले. त्यातून १९७६ मध्ये ‘ईमॅक्स’ निर्माण झाला. स्टॉलमन यांच्या १९८५ मधील ‘ग्नू ईमॅक्स’मध्ये वापरणाऱ्याला लिस्प भाषेत संपादकाचे वर्तनच बदलता येते.

व्हीआयमध्ये एडची संहिता असल्याने एटी अँड टी कंपनीच्या परवान्यावाचून त्याची मूळ संहिता मिळत नसे. हा अडसर २००२ मध्ये दूर झाला. तोवर त्याच्या अनेक प्रतिकृती निघाल्या होत्या. त्यांपैकी ब्राम मूलेनार (मृत्यू २०२३) यांचा ‘व्हिम’ (१९९१) सर्वांत प्रसिद्ध आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ आणला. तो वापरणाऱ्यांतही व्हिमच्या कळांची पुरवणी जोडून घेणारे आज्ञावलीकार आढळतात.