भुरीला दुधाचा उतारा

पावसाळा सरून हवेत गारवा आला, की गच्चीवरील आणि सज्जातील बागांमध्ये एक नकोसा पाहुणा हमखास हजेरी लावतो. गुलाबाच्या कोवळ्या पानांवर, काकडी-दुधी-भोपळ्याच्या वेलांवर किंवा वाटाण्याच्या रोपांवर कोणी पीठ भुरभुरावे, तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. पाहता पाहता ते एकमेकांत मिसळतात, पान पिवळे पडते, वाकडे होते आणि गळते. शेतकरी या रोगाला ‘भुरी’ म्हणतात. त्यावर घरगुती उपाय म्हणून पाणी घातलेले दूध फवारावे, असे सांगितले जाते. ऐकताना हा उपाय आजीबाईच्या बटव्यातला वाटतो. प्रत्यक्षात त्याची प्रयोगशाळेत आणि शेतात रीतसर तपासणी झालेली आहे. मात्र त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत.

भुरी म्हणजे नेमके काय?

भुरी ही एक नव्हे, तर एकाच कुळातील अनेक बुरशींमुळे होणारी व्याधी आहे. गुलाबावरील बुरशी वेगळी, भोपळवर्गीय वेलांवरील वेगळी आणि द्राक्षावरील वेगळी. त्यामुळे गुलाबाची भुरी शेजारच्या काकडीवर जाईल, ही भीती बहुतांशी अनाठायी असते. दोन्हींवर एकाच वेळी रोग दिसतो, तो दोघांना सारखेच हवामान मानवल्यामुळे.

या बुरशी केवळ जिवंत वनस्पतीवर जगतात. त्यांचे तंतू पानाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि सूक्ष्म शोषकांगे पेशींमध्ये खुपसून अन्नरस ओढतात. आपल्याला दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे तंतू आणि त्यांवर साखळीने तयार होणारे बीजाणू. वाऱ्याबरोबर ते दुसऱ्या पानावर जाऊन पडतात आणि हवामान अनुकूल असेल, तर साधारण आठवडाभरात त्यांची पुढची पिढी तयार होते. बहुतेक बुरशींना रुजण्यासाठी ओले पान लागते. भुरीला ते लागत नाही. हवेतील दमटपणा तिला पुरेसा असतो. उबदार दिवस, गार रात्री, दाट सावली आणि कोंदट हवा ही तिच्या आवडीची परिस्थिती. महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात ती नेमकी जुळून येते.

या रोगाची इतिहासात मोठी दहशत आहे. १८४५ मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथे एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलीवर ही भुरी प्रथम आढळली. काही वर्षांतच ती फ्रान्समध्ये पोहोचली आणि १८५४ पर्यंत तेथील द्राक्षबागांची धूळधाण झाली. गंधकाच्या भुकटीने त्या बागा वाचवल्या. आजही नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात भुरीविरुद्ध गंधक हे नेहमीचे हत्यार आहे.

ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातील प्रयोग

दुधाच्या उपायाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली, ती ब्राझीलमधील संशोधक वाग्नर बेतिओल यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे. त्यांनी हरितगृहातील झुकिनी या भोपळवर्गीय भाजीवर गाईच्या दुधाचे ५ ते ५० टक्के द्रावण आठवड्यातून एकदा किंवा दोनदा फवारले. तुलनेसाठी फेनारिमॉल आणि बेनोमिल ही रासायनिक बुरशीनाशके घेतली. १० टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावणाने रोग या औषधांइतकाच, काही वेळा अधिकच, आटोक्यात ठेवला.

पुढे ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात पीटर क्रिस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षवेलींवर दूध आणि दुधाची निवळ यांचे प्रयोग केले. हरितगृहात व प्रत्यक्ष द्राक्षमळ्यांत झालेल्या या प्रयोगांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. फवारा वेलीवर सर्वत्र नीट बसला, तरच त्याचा गुण येतो, हेही त्यांत दिसून आले.

दूध नेमके काय करते, याची दोन कारणे या संशोधनातून पुढे आली. पानावरील दुधावर ऊन पडले, की त्यातून प्राणवायूचे अतिशय क्रियाशील मूलकण तयार होतात आणि बुरशीचे नाजूक तंतू कोलमडतात. शिवाय दुधातील लॅक्टोफेरिन हे प्रथिन बीजाणूंना इजा करते. भुरीची बुरशी पानाच्या बाहेरच्या बाजूला उघड्यावर वाढते, म्हणूनच हा मारा तिच्यापर्यंत पोहोचतो.

फवारणी कशी करावी?

एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, हे प्रमाण घरच्या बागेला पुरेसे आहे. म्हणजे १०० मिलिलिटर दुधात ९०० मिलिलिटर पाणी घालावे. पिशवीतील साधे, न नासलेले दूध चालते. कमी स्निग्धांशाचे दूध घेतल्यास वास आणि चिकटपणा कमी राहतो. द्रावण फडक्यातून गाळून घ्यावे; अन्यथा सायीच्या कणांनी फवाऱ्याचे तोंड बंद होते.

फवारणी सकाळी, ऊन येण्याच्या सुमारास करावी. संध्याकाळी फवारल्यास उन्हाचा लाभ मिळत नाही आणि पाने रात्रभर ओलसर राहतात. पानांच्या दोन्ही बाजू, कोवळे शेंडे आणि कळ्या भिजतील, अशी काळजी घ्यावी. दर सात दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. पाऊस पडल्यास लगेच. द्रावण त्याच दिवशी संपवावे आणि बाटली धुऊन ठेवावी. नव्या झाडावर आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहणे इष्ट.

दुधाची पिशवी विसळलेले पाणी झाडांना घालण्याची सवय अनेक घरांत असते. ते कुंडीत ओतायला हरकत नाही; परंतु त्यात दुधाचे प्रमाण किती, हे ठाऊक नसल्याने भुरीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. उलट, जास्त दूध म्हणजे जास्त गुण हा समजही चुकीचा आहे. घट्ट द्रावणामुळे पानांवर काळसर बुरशी वाढू शकते, दुर्गंधी येते आणि मुंग्या जमतात.

मर्यादा ओळखाव्यात

दूध हा मुख्यतः प्रतिबंधक उपाय आहे. पहिले एक-दोन ठिपके दिसताच, किंवा दरवर्षी भुरी येणाऱ्या झाडावर ती येण्यापूर्वीच, फवारणी सुरू केली तर लाभ होतो. निम्मे झाड पांढरे झाल्यावर दुधाने चमत्कार घडत नाही आणि वाळलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. अशी पाने काढून, पिशवीत बंद करून टाकून द्यावीत.

रोगाची ओळख पटवणेही तितकेच आवश्यक आहे. जास्वंदीच्या देठांवर व पानांच्या बेचक्यांत दिसणारा कापसासारखा पांढरा थर बहुधा भुरी नसून पिठ्या ढेकूण ही कीड असते. टोमॅटोच्या पानांवरील पांढऱ्या नागमोडी रेषा नागअळीच्या असतात. पानाच्या वर पिवळे डाग आणि खाली करडी लव दिसली, तर तो केवडा. यांपैकी कशावरही दुधाच्या भरवशावर राहू नये.

मुळात भुरीला आमंत्रणच मिळू नये, यासाठी कुंड्यांत अंतर ठेवावे, दाटी झालेल्या फांद्या छाटाव्यात, किमान काही तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी आणि युरियासारखे नत्रयुक्त खत बेताने घालावे. नत्राच्या माऱ्याने फुटणारी लुसलुशीत पालवी भुरी चटकन पकडते.

पालेभाजी किंवा काकडी काढल्यावर ती स्वच्छ धुऊनच खावी. घरात कोणाला दुधाची ॲलर्जी असल्यास खाण्याच्या पिकांवर हा उपाय टाळलेलाच बरा. दूध हे अन्न आहे, ते झाडांवर उडवावे का, असा प्रश्नही काहींच्या मनात येतो. दहा-बारा कुंड्यांना आठवड्याला अर्धा कप दूध पुरते. ज्या सज्जात मुले खेळतात आणि जिथली भाजी थेट ताटात येते, तिथे विषारी औषधाची बाटली आणावी लागत नसेल, तर हा सौदा महाग नाही. एकरांच्या हिशेबात चालणाऱ्या द्राक्षबागेचे गणित मात्र वेगळे असते आणि तिथे तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय फवारणीचे वेळापत्रक बदलणे धोक्याचे ठरते.

दोन-तीन फवारण्यांनंतर नवी पालवी स्वच्छ निघत असेल, तर हाच उपाय चालू ठेवावा. नव्या पानांवरही ठिपके उमटत असतील, तर वेळ न घालवता पाण्यात मिसळणारे गंधक वेष्टनावरील प्रमाणानुसार वापरावे. कडक उन्हात त्याने पाने करपतात, तसेच भोपळवर्गीय वेलांना ते कधी कधी सोसत नाही. म्हणून तेही आधी दोन पानांवर तपासून, नाकातोंडाला रुमाल बांधून आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीपासून किमान दोन आठवड्यांचे अंतर राखूनच फवारावे.