जुनी जीप आणि तिचा मूळ पाठ

इतिहासाचे साधन म्हटले की आपणां पुणेकरांच्या डोळ्यांपुढे मोडीचे रुमाल उभे राहतात. त्यात वावगे काही नाही. परंतु कागदाइतकीच वस्तूही बोलकी असते, हे आपल्याच शहरात दिनकर केळकरांनी दाखवून दिले. लोक मोडीत घालीत होते ते अडकित्ते, ते दिवे, त्या दौती त्यांनी घरोघर हिंडून गोळा केल्या आणि त्यांतून एक संग्रहालय उभे राहिले. आज अडकित्त्याला कोणी भंगार म्हणत नाही. पत्र्याच्या मोटारीला मात्र म्हणतात. आमचा विषय आहे अशीच एक मोटार: चारही चाकांना जोर पोचविणारी जुनी जीप, जी बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहते आणि एके दिवशी घरातील कोणी हौशी माणूस जिला पुन्हा चालती करावयाचे ठरवितो. त्याने हे काम कसे करावे, यात इतिहासाचा एक खरा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम या गाडीची कुळकथा थोडक्यात पाहू. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी-गाडीसाठी १३५ कारखान्यांकडे विचारणा केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. ही अट पाळली ती बँटम या एका लहान कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण ती पुरेशा संख्येने करण्याची ताकद बँटमपाशी नव्हती. विलिस कंपनीने साठ अश्वशक्तीचे दणकट इंजिन दिले, मोठे काम विलिसला मिळाले, आणि त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या केल्या. पुढची ती ओळखीची जाळी, पत्र्यात उभ्या फटी कापलेली, फोर्डच्या कारखान्यातली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. तेव्हा अगदी पहिली जीपसुद्धा एका हातची नव्हे. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे आपल्याला त्याचे काम पडणार आहे.

या गाडीतील युक्त्या साध्या आणि नेमक्या होत्या. पुढची काच बॉनेटवर आडवी पडे. दिवे उलटे फिरवून त्यांचा उजेड इंजिनावर पाडता येई, म्हणजे रात्रीची दुरुस्ती सोपी. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली. ब्रह्मदेशात तर रबरी चाके काढून लोखंडी चाके चढविली आणि जीपला रुळांवर इंजिनासारखे जुंपले.

हिंदुस्थानात जीप युद्धाबरोबर आली आणि युद्ध संपल्यावर राहिली. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी गाड्यांची निकड भासली, तेव्हा लंडनमधील आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांच्यामार्फत वापरलेल्या जीप दुरुस्त करून घेण्याचा करार झाला. १५५ जीप आल्या आणि त्या सैन्याच्या उपयोगाच्या नाहीत असे ठरले. संसदेत त्यावर पुष्कळ वादळ उठले. १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. जुन्या गाडीला वरून रंग दिल्याने ती नवी होत नाही, हा धडा आपल्या प्रजासत्ताकाने असा आरंभीच घेतला म्हणावयाचा!

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या पेढीचे एक भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. या कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग जोडून जीप तयार करण्यास सुरुवात केली. पुढे एकेक भाग येथेच होऊ लागला. उंच बॉनेटची सी. जे. थ्री-बी ही जीप आपल्या पिढीला सर्वांत परिचित. तिचे बॉनेट उंच, कारण तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर गेले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत ही जीप १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे ती आणि तिची भावंडे त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिली.

या जीपने काय पाहिले नाही? १९५२ साली समूह-विकास योजना सुरू झाली आणि खेड्यात सरकार म्हणजे विकासगटाची जीप असे समीकरण बनले. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या रणांगणावर अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. १९६९ पासून जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या धर्तीवर जोंगा होऊ लागली आणि पुढे लिलावात ती नागरिकांच्या हाती आली. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा मालकांनी पेट्रोलची इंजिने उतरवून डिझेलची चढविली. आकुर्डीच्या मॅटॅडोरचे इंजिनही कित्येक जीपच्या पोटात गेले. शेवटी कोल्हापूर-साताऱ्याकडे हीच जात वडाप म्हणून माणसांनी लदलेली धावली.

आता प्रश्न असा की, अशी गाडी जेव्हा हौशी माणूस उघडतो तेव्हा त्याने तिला कोठे परत न्यावे? १९६० साली कारखान्यातून निघाली तेथे? की डिझेल इंजिन बसले त्या दिवसापर्यंत? बहुतेक लोक पहिले उत्तर देतात. ज्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही ती अस्सल, असे ते मानतात आणि मधली सारी दुरुस्ती उपटून फेकून देतात.

याचे उत्तर शोधण्यास आपल्याला फार लांब जावे लागत नाही. विधी महाविद्यालयाच्या रस्त्यावर भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. १९१९ साली आरंभ, १९६६ साली समाप्ती, १२५९ हस्तलिखितांचा धांडोळा. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकरांनी तिचे संपादन केले आणि तिची शिस्त घालून दिली. ती अशी: हस्तलिखितांच्या आधाराने जो जुन्यात जुना पाठ हाती लागतो तो वर छापावयाचा, जे मागाहूनचे ठरेल ते टाकावयाचे नाही, तळटीपेत आणि परिशिष्टात जसेच्या तसे ठेवावयाचे. प्रक्षेप हाही कोणत्या तरी काळाचा पुरावा आहे, ही त्यामागची दृष्टी.

जीपला हाच न्याय लावावा असे आमचे म्हणणे आहे. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवर इंग्रजी एफ् हे अक्षर उठविले होते. लष्करी कार्यशाळेत गाड्या खोलल्या की भाग एकत्र होत आणि विलिसच्या गाडीत फोर्डचा बोल्ट जाऊन बसे. तो बोल्ट चूक नव्हे. ती गाडी कोणत्या तरी कार्यशाळेतून गेली याची ती सही आहे. तीच गोष्ट डिझेल इंजिनाची. ते उतरवावयाचे तर खुशाल उतरवावे, पण कोणत्या कंसांवर ते बसविले होते, चासीला कोठे भोक पाडले, हे आधी लिहून ठेवावे. नाना पेठेतल्या कोणा मिस्त्रीने, मूळ भाग मिळेना म्हणून, लेथवर घडविलेला एखादा बुश हा तर तेलटंचाईच्या आणि परवान्याच्या काळातील पुण्याच्या कारागिरीचा दाखला आहे. त्याचा आराखडा कोठे छापलेला नाही. तो बुश भंगारात गेला की ते ज्ञानही गेले.

म्हणून घरच्या घरी काम करणाऱ्याने पान्याच्या आधी वही हाती घ्यावी. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, त्याला चिठ्ठी बांधावी, भाग रॉकेलने धुतल्यावर त्यावरचे आकडे नोंदवावेत. चासीचा आणि इंजिनाचा आकडा आर. सी. बुकाशी ताडून पाहावा. इंजिन बदलावयाचे तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन कार्यालयाची नोंद लागते, हे विसरू नये. रंग सरसकट खरवडू नये. डॅशबोर्डच्या मागे, जेथे दिसत नाही अशा जागी, बारीक पॉलिश पेपरने बोटभर जागा घासावी; वरचा लाल, त्याखाली पांढरा, तळाशी लष्करी हिरवा असे थर निघाले तर गाडीचे चरित्रच हाती आले. गंजून चाळण झालेला पत्रा बदलावा लागतो, ब्रेक आणि स्टिअरिंग तर नवेच हवेत, कारण इतिहासासाठी कोणाचा जीव धोक्यात घालावयाचा नाही. पण काढलेले निरुपद्रवी भाग खोक्यात भरून, नावे लिहून, गाडीबरोबरच ठेवावेत. तेच तिचे परिशिष्ट.

ही काळजी आज अधिक निकडीची झाली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरील दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणीचा नियम केला. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि रोजच्या वाहतुकीस मनाई. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याच्या अधिकृत केंद्रांचे नियमही आले. दोन्ही नियमांचे हेतू समजण्यासारखे आहेत. परंतु दोहोंच्या मध्ये जी गाडी सापडते ती आपली जीप: तिन्ही काळांचे वण अंगावर बाळगणारी, म्हणून मूळ नव्हे, आणि चालती नाही म्हणून भंगार. मालकाला मोह होणारच की वण पुसून टाकावे आणि ती कारखान्यातून कालच निघाली असा देखावा करावा.

तो मोह आवरावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. नियमासाठी जो पाठ वर छापावयाचा तो छापावा. तळटीप मात्र फाडू नये. बँटमने आखलेली, विलिसने चालविलेली, फोर्डने जाळी घातलेली, माझगावला जोडलेली, रणांगणावर, विकासगटात आणि वडापात झिजलेली ही गाडी कोणा एकाची कधीच नव्हती. तिच्यावर ज्यांनी ज्यांनी हात चालविला त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही दफ्तरात सापडणार नाहीत. त्यांच्या कामाचा जो काही पुरावा उरला आहे, तो त्या गंजलेल्या चासीवर आहे आणि हातात पाना घेऊन तिच्यापुढे बसणारा हौशी माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, त्या पुराव्याचा रखवालदार आहे.