बोधनक्षमतेची न्यायवैद्यकीय तपासणी

आरोपी, साक्षीदार किंवा पीडित व्यक्तीचे अवधान, स्मृती, भाषा, तर्क व आवेगनियंत्रण यांत उणीव आहे का आणि न्यायालयापुढील प्रश्नाशी तिचा काय संबंध आहे, हे पाहणारी मानसशास्त्रीय तपासणी. बौद्धिक अक्षमता, मेंदूला इजा, दीर्घकालीन मद्यपान, स्मृतिभ्रंश व तीव्र मनोविकार ही अशा उणिवांची प्रमुख कारणे.

कायदेशीर प्रश्न : तपासणी कोणत्या क्षणाविषयी आहे, हे आधी निश्चित करावे लागते. कृत्य करताना आरोपीला त्याचे स्वरूप किंवा ते गैर वा बेकायदा असल्याचे कळत होते का, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२चा (पूर्वीचे दंड संहितेचे कलम ८४) प्रश्न. खटला समजून बचाव करण्याची त्याची क्षमता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७पासून पुढे येते. शिक्षा ठरवताना मनोवस्थेचा विचार पुन्हा स्वतंत्रपणे होतो. वैद्यकीय निदान झाले म्हणून कलम २२चे संरक्षण आपोआप मिळत नाही.

पुण्यातील खटले : २५ जानेवारी २०१२ रोजी संतोष माने या एसटी चालकाने स्वारगेट आगारातून बस पळवून नऊ जणांचा बळी घेतला. मनोविकाराचा बचाव न्यायालयांनी फेटाळला. मात्र जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील दुसऱ्या एका प्रकरणात, शिक्षेनंतर उद्भवलेला गंभीर मनोविकार फाशी टाळण्याचे कारण ठरू शकतो, असे न्यायालयाने मानले.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८मध्ये एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत्‌लहरींची चाचणी पुराव्यात धरली होती. आरोपीला गुन्ह्याचा ‘अनुभव’ आहे, असे सांगणारी ही चाचणी बोधनक्षमता मोजत नाही. दोन्हींची गल्लत करू नये. अशा चाचण्या सक्तीने घेण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या सेल्वी निकालाने मनाई केली.

साधने व मर्यादा : मराठी व कानडी मुलांवर प्रमाणित केलेली बिने-कामत चाचणी आणि निरक्षरांनाही देता येणारी भाटिया कृतिचाचणी भारतात वापरात आहेत. अपुरे शिक्षण, परकी भाषा, औषधांची गुंगी किंवा कोठडीतील भीती यांनी गुणांक घसरतो. उलट, आजाराचे सोंगही घेतले जाते. म्हणून शाळेचे दाखले, जुने उपचारपत्र व कुटुंबीयांची माहिती पडताळल्याशिवाय केवळ बुद्ध्यांकावर निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचे मानसिक मूल्यमापन शक्यतो सत्र न्यायालयातच सादर व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या मनोज निकालात बजावले. घटनेपासून जितका काळ लोटतो, तितका त्या क्षणाच्या मनाचा पुरावा दुर्मीळ होत जातो.