कोयनेचा भूकंप

कोयनेचा भूकंप म्हटला की, "धरण फुटले असते तर?" हाच प्रश्न आपल्या तोंडी येतो. मला त्या दिवशी काय फुटले ते सांगावयाचे आहे.

शिवसागर भरू लागल्यावर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले. जमिनीच्या पोटात ताण मूळचाच होता. पाण्याचा भार व खडकाच्या भेगांत झिरपणारे पाणी यांमुळे त्याला वाट मिळाली, असे शास्त्रज्ञ मानतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, माणसे झोपेत असता, मोठा धक्का बसला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात, जेथे त्याची जाडी एकदम कमी होते तेथे, आडव्या भेगा पडल्या. तरी धरण उभे राहिले, पाणी अडलेलेच राहिले. पुढे त्यास काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणली.

कोयनानगरची दगडी घरे मात्र कोसळली. दीडशेहून अधिक माणसे गेली, ती बहुतेक भिंतींखाली सापडून.

धरणाची काळजी इंजिनियर घेतात. घराच्या भिंतीला तडा गेला, तर तो आपणच वेळीच दाखवावयास हवा.