आपल्यासारखे म्हणजे कोणासारखे?

मधुमेह झालेल्या माणसाने काय खावे, किती चालावे, तपासणी केव्हा करावी, हे आता यंत्रेही सुचवू लागली आहेत. यंत्राला हा सल्ला सुचतो कसा? त्याचा इतिहास थोडक्यात पाहू आणि मग तो सल्ला शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर लावून पाहू.

सुरुवात झाली ‘जर-तर’च्या नियमांनी. १९७०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ हा संगणक-कार्यक्रम तयार झाला. जंतुसंसर्गाची माहिती दिली की तज्ज्ञांनी घालून दिलेल्या काही शे नियमांवरून तो औषध सुचवी. १९९४ साली ‘ग्रुपलेन्स’ने निराळी वाट धरली. ज्यांची आवड आपल्याशी जुळते, त्यांनी कशाला किती गुण दिले ते पाहून हा कार्यक्रम वाचनासाठी लेख सुचवू लागला. आरोग्याचा सल्ला देणारी यंत्रे आज या दोन्ही वाटा वापरतात. पण प्रश्न उरतो, ‘आपल्यासारखे’ म्हणजे कोण?

याचे एक उत्तर पुण्यात मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांच्या अंगातील चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! निर्देशांक एक, शरीरे दोन.

दुसरी अडचण वर्गवारीची. कुपोषणाशी निगडित मधुमेह हा वेगळा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली यादीत घेतला आणि पुरावा अपुरा म्हणून १९९९ साली वगळला. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. जो प्रकार यादीतच नाही, तो यंत्र सुचवणार कसा?

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. २००५ साली चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी सोपा गुणतक्ता दिला. त्यात वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह असे चारच प्रश्न आहेत. एकूण गुण १००. ६० किंवा अधिक म्हणजे धोका जास्त. भातलावणी करणारी, चाळीस वर्षांची, ७२ सेंटिमीटर कमरेची एक स्त्री कल्पनेने घेऊ. वयाचे २० गुण, कमरेचे शून्य. श्रमाच्या प्रश्नात सर्वाधिक ३० गुण धरले तरी बेरीज ५०च. राहिला आईवडिलांचा प्रश्न. त्यांचे रक्त कधी तपासलेच गेले नसेल, तर ती ‘नाही’ म्हणणार. तिला ठाऊक नाही, पण तक्त्यात मात्र शून्य पडते!

म्हणून तक्ता टाकाऊ ठरत नाही. थोड्या खर्चात आधी कोणाला तपासावे, हे तो सांगतो. आशाताईही तिशीपुढच्या माणसांचा असाच एक तक्ता भरतात. मात्र गुण कितीही असोत, तपासणी सर्वांचीच करायची असते. हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. भातकापणी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तपासणीच्या दिवशी जो पाड्यावर नसतो, त्याची नोंद राहून जाते. आणि ज्याची नोंद नाही, त्याच्यासारखा माणूस यंत्राला सापडत नाही.

वर्गात हा तक्ता फळ्यावर मांडून पाहावा. प्रत्येक प्रश्नापुढे ‘हो’ आणि ‘नाही’च्या जोडीला ‘ठाऊक नाही’ असा तिसरा रकाना आखावा. तो किती भरतो, हे मुलांनाच मोजू द्यावे.